राग आला की आधी ऐकायचं: घरात आणि मंडळीत (चर्चच्या सभासदांत) बोलण्याचा सराव

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (याकोब 1:19) क्रम स्पष्ट दिला आहे: ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, रागवायला सावकाश. सरावही याच क्रमाने करावा. बरेच जण शेवटापासून सुरुवात करतात, ‘आजपासून चिडायचं नाही’ असं ठरवतात आणि दोन दिवसांत खचतात. राग येणं आपल्या हातात नसतं, ऐकणं असतं.

पहिला आठवडा फक्त घरच्यांसाठी ठेवा. समोरच्याचं बोलणं पुरं होईपर्यंत मध्ये तोंड घालायचं नाही. मग त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं: “म्हणजे, तुम्हाला न विचारता मी पैसे दिले, याचं वाईट वाटलं, बरोबर?” “हो” आलं की मग आपली बाजू मांडा. “तसं नाही” आलं तर पुन्हा ऐका. बरीच भांडणं इथेच निवतात, कारण दोघं वेगवेगळ्याच गोष्टींवर वाद घालत होते हे तेव्हा कळतं. सकाळच्या प्रार्थनेत स्तोत्र 141:3 म्हणत जा. ओठांच्या दारावर पहारा मागणारी ती ओळ ऐन वेळी आठवते.

उपाशीपोटी, किंवा माणूस कामावरून दारात पाऊल टाकतोय तेव्हा, नाजूक विषय काढू नका. जेवणं होऊ द्या. पण टाळतही राहू नका. राग धरलेला असताना सूर्य मावळू नये, असं इफिस 4:26 सांगतं. विषय त्या रात्री मिटण्यासारखा नसेल, तर एवढं तरी बोला: “हे अजून संपलेलं नाही, पण मी राग धरून झोपत नाही. उद्या चहानंतर बसू.” वेळ ठरवलीच पाहिजे. नाहीतर त्याचा अबोला होतो, आणि अबोल्याला आपल्याकडे फार सहज सहनशीलता म्हटलं जातं. अबोला धरणारा गप्प राहून समोरच्याला शिक्षाच देत असतो.

मंडळीतल्या तक्रारीसाठी मत्तय 18:15–17 च्या पायऱ्या आहेत: आधी दोघंच, मग एक-दोन जणांना घेऊन, मग मंडळीसमोर. घोळ पहिल्याच पायरीवर होतो. हिशेबावरून खजिनदाराशी खटकलं की त्याच्याआधी पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना), तरुण संघाला आणि व्हॉट्सॲप ग्रुपला कळतं. सगळ्यात फसवा मार्ग म्हणजे “त्यांच्यासाठी जरा प्रार्थना करा हं” म्हणून सगळी हकीकत सांगणं. प्रार्थनेची विनंती करताना ज्याच्याविषयी बोलतोय त्याची परवानगी घ्या. नसेल तर नाव आणि तपशील वगळा, देवाला ते ठाऊक आहेत. तसंच, “प्रभू, आमच्यातल्या गर्विष्ठांना नम्र कर” अशी समोर बसलेल्याला उद्देशून प्रार्थना कधीही करू नये. तो टोमणाच असतो, आणि समोरच्याला उत्तरही देता येत नाही.

ग्रुपवर रागाने लिहिलेला मजकूर रात्री पाठवू नका. सकाळी मोठ्याने वाचा. त्या माणसाच्या तोंडावर म्हणता येत नसेल तर पुसा.

धुणीभांडी करणाऱ्या मावशी, वॉचमन, रिक्षावाले यांच्याशीही अहो-जाहोच. पाळकांपुढे गोड आणि यांच्यावर डाफरणारं तोंड एकच असतं. याकोबाच्या तिसऱ्या अध्यायाचा रोख नेमका अशा दुहेरी जिभेवर आहे.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. घरात मारहाण किंवा धमक्या असतील, तर ‘सहन कर, प्रार्थना कर’ हा सल्ला चुकीचा आहे, मग तो कोणीही देवो. तिथे दोघांनीच बसून बोलण्याची पायरी लागू करू नका. आधी सुरक्षित जागी जा, 112 किंवा महिलांसाठीच्या 181 वर फोन करा.

माफी मागताना ‘तर’ आणि ‘पण’ गाळा. “तुम्हाला लागलं असेल तर माफ करा” यात चूक समोरच्याच्या माथी जाते. “काल सभेत मी तुमचं बोलणं तोडलं, चारचौघांत आवाज चढवला. चुकलं माझं, मला माफ करा,” एवढं पुरे. लगेच “केलं माफ” ऐकायची घाई करू नका. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला मत्तय 5:23–24 सांगतं, म्हणून प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीच्या) रविवारची वाट न पाहता आदल्या शनिवारीच त्याच्या घरी जावं. उपासनेची घंटा वाजत असताना चर्चच्या दारात मागितलेल्या माफीला उत्तर द्यायला समोरच्याकडे वेळच नसतो.