क्वाड जंपवरून उतरताना खाली आपटतोय? आधी हे बघा

मोठ्या जंपवरून उतरलं की क्वाड (चार चाकांची ऑफरोड बाईक) खाली धाडकन आपटतो, मग बरेच जण सरळ प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) आवळत सुटतात, पण त्याने फक्त गाडी उंच होते आणि छोट्या खड्ड्यांत उड्या मारायला लागते. आधी रायडिंग गियर घालून बसा आणि सॅग, म्हणजे तुमच्या वजनाने सस्पेन्शन किती खाली बसतं ते, मोजा, एकूण ट्रॅव्हलच्या (सस्पेन्शन जितकं वर-खाली होऊ शकतं त्याच्या) साधारण पाव ते एक तृतीयांश हवा. मग शॉकच्या (शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या) रॉडला एक झिप टाय बांधा, एक लॅप मारा, टाय कुठपर्यंत सरकला ते बघा. दर लॅपला एकदा, सगळ्यात मोठ्या जंपलाच शॉक पूर्ण दबून टेकत असेल तर चालतंय, उलट चांगलंच. सारखं आपटत असेल तर हायस्पीड कंप्रेशन (शॉक झटक्यात दबताना होणारा विरोध) थोडं थोडं वाढवा, एका वेळी एकच बदल, प्लीज! तरी नाही थांबलं तर स्प्रिंगच तुमच्या वजनाला मऊ पडतेय.