पावसाळ्यात कपड्यांचा ढीग साचू देऊ नका

जून ते सप्टेंबर आमच्या डोंबिवलीच्या घरात रविवारची मोठी धुलाई बंद. मशीन रोज लावायचं, पण दांडीवर मावेल तेवढंच धुवायचं. ओले टॉवेल, भिजलेले मोजे बादलीत कोंबू नका. आधी पसरून टाका. नाहीतर रात्रीत कुबट वास धरतात, आणि तिळासारखे काळे डाग पडले की सहसा निघतच नाहीत. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून पंख्याखाली वाळत घाला, दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवून. पावडर बेतानेच घाला. धाग्यांत राहिलेल्या साबणानेही कपडे वास मारतात. घड्या दांडीवरून काढता काढताच घालायच्या, प्रत्येकाची चवड वेगळी. ज्याची चवड त्यानेच कपाटात ठेवायची. आमची सात वर्षांची लेकही ठेवते.