टॅपेटचा आवाज: आधी डिपस्टिक, मग पाना
चोर्ला घाट चढून आलेली जुनी गाडी बेळगावात सिग्नलला टकटक करू लागली, की लगेच टॅपेट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा भाग) आवळायला सांगू नका. आधी सपाट जागी इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा. ऑइल कमी असलं तरी हाच आवाज येतो. मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरला, मूठ कानाला. (फॅन-बेल्टपासून जपून!) आवाज एक्झॉस्टपाशी मोठा आणि इंजिन तापल्यावर कमी होत असेल, तर बहुधा एक्झॉस्टचं गॅस्केट (जोडातली सील) गेलंय. टॅपेटच निघाला, तर त्याच्या आणि व्हॉल्व्हच्या मधला गॅप थंड इंजिनवर धरायचा की गरम, हे मॅन्युअलात बघूनच फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) लावा. शांततेच्या नादात गॅप कमी ठेवलात तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, जळतो. थोडी टिकटिक परवडली. हायड्रॉलिक टॅपेटला (जो ऑइलच्या दाबाने गॅप आपोआप भरतो) बहुतेक गाड्यांत सेटिंगच नसतं.