निकालातली प्रश्नोत्तरं बंद झाल्यावर मी काय केलं

ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलने शोधनिकालात दुव्याखाली उघडणारी प्रश्नोत्तरं फक्त नावाजलेल्या सरकारी आणि आरोग्यविषयक साइट्सपुरती ठेवली. मग आमच्या हापूसच्या साइटचीही मांडणी बदलली. पानावरची प्रश्नोत्तरं गूगलला ओळखता यावीत म्हणून घातलेला स्कीमाचा कोड तसाच ठेवला. त्याने काही बिघडत नाही.

लोक गूगलवर काय शोधत साइटवर येतात ते दाखवणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये लोक काय विचारत येतात ते पाहिलं. बहुतेकांना एकच काळजी: पेटीतले कच्चे आंबे फ्रिजमध्ये ठेवावेत का? ठेवू नयेत, गवतात पिकू द्यावेत. हे उत्तर तळातून उचलून पानाच्या सुरुवातीला आणलं, शेजारी आमच्या अढीचे फोटो टाकले. मला हेच जास्त पटतं, वाचकाला शोधावं लागू नये. फुटकळ पानं एकत्र करून जुन्या पत्त्यांवरून ३०१ रीडायरेक्ट दिला, म्हणजे जुना पत्ता उघडणारा आपोआप नव्या पानावर जातो. हे अजिबात विसरू नका, नाहीतर इतरांनी दिलेले जुने दुवे वाया जातात.