फॅट फ्रीझिंग करायचं म्हणताय? आधी पोट चिमटीत धरून बघा

तुळशीचं लग्न झालं की सांगली-मिरजेत ‘विना ऑपरेशन पोट कमी’च्या जाहिराती मोबाइलवर सुरू होतात. यातली फॅट फ्रीझिंग ही ट्रीटमेंट, म्हणजे मशीनचा थंड कप लावून कातडीखालची चरबी गोठवणं, खोटी नाही, पण चौकशीला जाणाऱ्या बऱ्याच जणांच्या पोटाचं दुखणं वेगळंच असतं आणि त्यावर हे मशीन काहीच करू शकत नाही. त्यामुळे कन्सल्टेशनची फी भरण्याआधी घरीच दहा मिनिटं काढा.

सकाळी अनशापोटी सपाट पाठीवर झोपा. बसल्यावर पुढं आलेलं पोट झोपल्यावर बाजूला पसरलं आणि बेंबीच्या खाली अंगठा-तर्जनीत निदान दोन-अडीच सेंटीमीटर जाडीची मऊ वळी सहज धरता आली, तर ती कातडीखालची चरबी. फॅट फ्रीझिंगचा उपयोग फक्त हिच्यावर. झोपल्यावरही पोट घट्ट आणि वर फुगलेलं राहिलं आणि चिमटीत जेमतेम कातडी आली, तर चरबी आत आतड्यांभोवती आहे. कप तिथवर पोचत नाही. चाळिशीनंतरच्या पुरुषांचं ‘सुटलेलं’ पोट बहुतेक वेळा याच जातीचं असतं. त्याला चालणं, ताटातला भात-साखर कमी करणं आणि रक्तातली साखर तपासणं हाच इलाज. भारतीय अंगलटीत कंबर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटीमीटरच्या वर गेली की मधुमेहाच्या दृष्टीनं सावध व्हायचं असतं, आणि ते काम कुठलाही कप करत नाही.

आता झोपूनच डोकं आणि खांदे थोडे उचला. पोटाच्या मधोमध उभा उंचवटा आला, किंवा दोन्ही बाजूंच्या स्नायूंमध्ये दोन-तीन बोटं आत गेली, तर बाळंतपणानंतर स्नायू फाकलेले असू शकतात. तिथं फिजिओथेरपी लागते, कधी ऑपरेशन. उभं राहून खोकल्यावर बेंबीजवळ, जांघेत किंवा सिझेरियनच्या टाक्यांजवळ गाठ बाहेर येते का तेही बघा. येत असेल तर हर्निया असू शकतो, आणि हर्नियावर व्हॅक्यूमचा कप लावायचा नसतो. शंका असेल तर आधी सर्जनला दाखवून पोटाची सोनोग्राफी करा. मिरजेत त्यासाठी लांब जावं लागत नाही. वजन बरंच उतरल्यावर लोंबणारी कातडी हा चौथा प्रकार, आणि चरबी गोठवून ती आवळत नाही.

एवढ्यातून पार पडलात आणि वजन गेले काही महिने स्थिर असेल, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, याचा आकडा) ३०च्या आत असेल, व्यायाम करूनही कमरेच्या बाजूची किंवा हनुवटीखालची एखादी वळी हलत नसेल, तर पुढं वाचा.

थंडीनं चरबी मरते कशी? लहान मुलांनी बर्फाची कांडी गालात धरून ठेवली की गालातल्या चरबीला सूज येते, हे डॉक्टरांनी १९७० मध्ये नोंदवलं होतं. त्याच धाग्यावर बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डीटर मॅनस्टाइन आणि रॉक्स अँडरसन यांनी ही पद्धत बसवली. २०१० मध्ये अमेरिकेत औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीएनं कमरेच्या बाजूंसाठी आणि २०१२ मध्ये पोटासाठी तिला परवानगी दिली. पाणी गोठतं त्याच्या बऱ्याच वरच्या तापमानाला चरबी थिजते, म्हणून कातडी शाबूत ठेवून चरबीच्या पेशींना इजा करता येते. त्या पेशी लगेच फुटत नाहीत. काही दिवसांनी मरायला लागतात आणि शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी त्यांना दोन-तीन महिन्यांत उचलून नेतात. ‘चरबी वितळून लघवीवाटे जाते’ असं काउंटरवर कुणी सांगितलं, तर त्या माणसाला बाकीचं किती माहीत असेल याचा अंदाज येतो.

एका सिटिंगमध्ये लावलेल्या जागेच्या चरबीचा थर साधारण २० ते २५ टक्के कमी होतो. वजनकाट्यावर फरक दिसत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून थोडं जाणवायला लागतं, खरा फरक दोन-तीन महिन्यांनी. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला लग्न असेल तर पहिली सिटिंग संक्रांतीच्या आत झालेली हवी. दुसरी लागेल असं वाटत असेल तर दिवाळीच्या आधीच सुरुवात करा. लग्नाला महिना राहिलाय आणि ‘होऊन जाईल’ म्हणणारा भेटला, तर तिथून उठा.

काही जणांनी या वाटेला जायचंच नाही. क्रायोग्लोब्युलिनीमिया, कोल्ड अ‍ॅग्लुटिनिन डिसीज आणि पॅरॉक्सिस्मल कोल्ड हिमोग्लोबिन्युरिया या तीन आजारांत थंडी थेट रक्तावरच परिणाम करते. नावं अवघड असली तरी विचारायचे प्रश्न सोपे आहेत. गार पाण्यात हात घातल्यावर अंगावर गांधी उठतात का? थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात का? गारठ्यात राहिल्यावर कधी लघवी लाल-काळपट झाली आहे का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर थांबा. मधुमेहानं पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, त्या जागेवर नुकतं ऑपरेशन झालं असेल, जखम किंवा गजकर्ण असेल, तर निर्णय डॉक्टरांवर सोडा, पॅकेज विकणाऱ्या मुलीवर नको.

डॉक्टर म्हणजे कोण, हेही बघून घ्यायचं. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन असलेला बरा. नाव आणि नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर शोधता येतो. पांढरा कोट घातला म्हणून कुणी डॉक्टर होत नाही. मशीन कोणत्या कंपनीचं, मॉडेल कोणतं, भारतात वैद्यकीय उपकरण म्हणून त्याची नोंदणी आहे का, हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या. ‘कूलस्कल्प्टिंग’ हा एका ठरावीक मशीनचा ब्रँड आहे. बोर्डावर ते नाव आणि आत बिननावाचा डबा, असं असेल तर सुरुवातच खोट्यानं झाली.

दर बहुतेक ठिकाणी कपावर असतो. कमरेच्या दोन बाजू म्हणजे दोन कप, पोटाला अंगाप्रमाणे दोन ते चार. म्हणून ‘सिटिंगचे किती’ असं न विचारता ‘किती कप, प्रत्येकी किती, जीएसटी धरून की सोडून’ असं विचारा. मेडिक्लेममध्ये हे बसत नाही. सहा सिटिंगचं पॅकेज आगाऊ भरू नका. एक करा, बारा आठवडे थांबा, मग ठरवा.

सिटिंगच्या दिवशी सगळ्यात जास्त लक्ष ठेवायची वस्तू म्हणजे जेल पॅड, काही ठिकाणी तिला मेम्ब्रेन म्हणतात. कप उणे ५ ते उणे ११ अंशांपर्यंत थंड होतो आणि तुमची कातडी न जळण्याला कारण हा ओला पातळ कपडाच असतो. पाकीट तुमच्या समोर फोडलं पाहिजे. एक्स्पायरी वाचा. पॅड जेलनं सगळीकडं चिंब असावा, कोपरे सुकलेले नसावेत. कपाच्या काठाबाहेर चारी बाजूंनी तो थोडा दिसायला हवा. खाली चुणी पडली किंवा हवेचा फुगा राहिला तर त्या जागी पॅड कातडीला टेकत नाही आणि नेमका तिथंच गारठ्याचा डाग उठतो. धुऊन परत वापरलेला किंवा दोन जागांना एकच कापून वाटलेला पॅड चालत नाही. याबाबतीत अजिबात भीड धरू नका. भाजल्यासारख्या जखमा अशा काटकसरीतूनही होतात.

कप वळी आत ओढतो. पहिली पाच-दहा मिनिटं ओढ, मुंग्या आणि बोचरी थंडी जाणवते, मग जागा बधिर होते. मशीनप्रमाणे ३५ ते ६० मिनिटं लागतात. बधिर झाल्यावर पुन्हा आग व्हायला लागली तर लगेच बोलवा. खोलीत कुणीतरी हाकेच्या अंतरावर असायलाच हवं. लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे का, हे आधीच विचारून ठेवा. अर्धवट राहिलेली सिटिंग त्याच दिवशी पहिल्यापासून लावू देऊ नका, त्याच कातडीला दुप्पट थंडी बसते.

कप काढल्यावर खालची वळी फ्रीजमधल्या लोण्याच्या गोळ्यासारखी ताठ आणि कपाच्या आकाराची दिसते. ती दोन मिनिटं जोरात चोळतात. दुखतं, पण चोळल्यानं परिणाम वाढतो, म्हणून टाळू नका. त्यानंतर जागा लाल होऊन हळूहळू गरम व्हायला हवी. पांढरी किंवा करडी पडून तशीच राहिली, किंवा फोड आले, तर घरी न जाता तिथंच डॉक्टरांना दाखवा.

सूज, काळंनिळं पडणं आणि बधिरपणा हे नेहमीचं. बधिरपणा काही आठवडे टिकतो. त्या काळात गरम पाण्याची पिशवी लावू नका, भाजलेलं कळणार नाही. परकराची किंवा सलवारची नाडी त्या जागेवर करकचून बांधली तर कातडी सोलेपर्यंत पत्ता लागत नाही, म्हणून सैल इलॅस्टिकचं काहीतरी घाला. पोटावर केलं असेल तर पहिले दोन-तीन दिवस टू-व्हीलर नको, स्पीडब्रेकरवर प्रत्येक धक्का जाणवतो. काही जणांना तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर अचानक कळा किंवा सुया टोचल्यासारखं दुखणं सुरू होतं. घाबरायचं कारण नसतं, दोन-तीन आठवड्यांत ते ओसरतं. झोप उडत असेल तर डॉक्टरांना फोन करा, ते गोळी देतात. ताप आला किंवा कातडी काळी पडली तर मात्र थांबू नका.

क्लिनिकमध्ये एक गोष्ट सहसा सांगत नाहीत. क्वचित काही जणांत चरबी कमी व्हायच्या ऐवजी वाढते. दोन ते पाच महिन्यांत कपाच्या आकाराचा टणक, न दुखणारा फुगवटा तयार होतो. पुरुषांत त्याचं प्रमाण जास्त आहे. मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टानं २०२१ मध्ये आपल्याला हेच झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा जगभर चर्चा झाली. तो फुगवटा आपोआप जात नाही, परत थंडी दिल्यानंही जात नाही. काही महिने थांबून लायपोसक्शन, म्हणजे नळीनं चरबी ओढून काढायचं ऑपरेशन, करावं लागतं. म्हणजे ज्या ऑपरेशनला टाळायला आलात, तेच. कन्सेंट फॉर्मवर ‘पॅरॅडॉक्सिकल अ‍ॅडिपोज हायपरप्लेशिया’ हे या फुगवट्याचं नाव आहे का बघा, आणि तसं झालं तर खर्च कोणाचा, हे सही करण्याआधी लिहून घ्या.

मोजमाप स्वतःच ठेवा. शिंप्याची टेप, बेंबीच्या रेषेत, सकाळी अनशापोटी, श्वास सोडून, पोट आत न ओढता, तीनदा मोजून मधला आकडा लिहा. फोटो त्याच भिंतीपुढं, त्याच अंतरावरून, त्याच कपड्यांत. सिटिंगनंतर लगेच टेप आवळून ‘दोन इंच लॉस’ दाखवतात, त्याला अर्थ नाही, उलट त्या दिवशी सूज असते. सिटिंगच्या आधी घेतलेला आकडा आणि फोटो बाराव्या आठवड्याच्या आकड्या-फोटोशी लावून बघा, वजनही शेजारी लिहा, कारण मधे तीन किलो वाढले असतील तर उरलेल्या पेशी फुगून फरक खाऊन टाकतात. वजन तेवढंच असून फरक शून्य असेल तर दुसरी सिटिंग घेण्याआधी जागा परत चिमटीत धरून तपासून घ्या. आणि बिल, कन्सेंटची प्रत, पॅडच्या पाकिटावरच्या बॅच नंबरचा फोटो एका फायलीत ठेवा. जखम झाली आणि क्लिनिकनं हात वर केले, तर जिल्हा ग्राहक आयोगात याच कागदांवर तक्रार उभी राहते.