नांगराच्या विंडलासला जाड केबल द्या

शिडाच्या बोटीवर इलेक्ट्रिक विंडलास, म्हणजे नांगराची साखळी ओढून घेणारं यंत्र, बसवताना सगळं लक्ष मोटरवर जातं आणि केबल मात्र हाताला लागेल ती ओढली जाते. मग ऐन वाऱ्यात नांगर उचलताना मोटर कण्हत थांबते. दोष बहुतेक वेळा मोटरचा नसतोच.

हिशेब करून पाहा. १२ व्होल्टवर १००० वॅटची मोटर सुमारे ८३ अँपिअर घेते. बॅटरी मागे आणि विंडलास पुढच्या टोकाला, अंतर १० मीटर. पण वीज जाते आणि परतही येते, म्हणून लांबी २० मीटर धरायची. इथेच बरेच जण फसतात. १६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये जवळजवळ १.८ व्होल्ट वाटेतच जिरतात. ३५ च्या केबलमध्ये सुमारे ०.८. मी ३५ च्या खाली जाणार नाही. केबल कलई केलेल्या तारांची घ्या, खाऱ्या हवेत ती टिकते. सर्किट ब्रेकर बॅटरीच्या जवळच हवा, विंडलासच्या जवळ नव्हे. नांगर उचलताना इंजिन चालू ठेवा.

डेकखाली भक्कम आधारपट्टी लागतेच. साखळीच्या चाकाचे खाचे तुमच्याच साखळीच्या मापाचे आहेत ना, तेही तपासा.

आणि कृपा करून विंडलासने बोट ओढू नका: बोट इंजिनाने पुढे न्या, विंडलासला फक्त सैल साखळी गोळा करू द्या. नांगर टाकून थांबल्यावर ताण स्नबरवर, म्हणजे साखळीला अडकवलेल्या लवचिक दोरावर, आणि क्लीटवर, म्हणजे डेकवरच्या दोर बांधायच्या खुंटीवर, द्या, विंडलासच्या दात्यांवर कधीच नको.