काळजीच्या दिवसांत नाताळची आशा: आगमनकालाचे चार आठवडे

नाताळच्या तयारीला २५ डिसेंबरला नव्हे, आगमनकालाच्या, म्हणजे नाताळआधीच्या वाट पाहण्याच्या दिवसांच्या, पहिल्या रविवारी लागावं. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा तो रविवार, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान कधीही येतो. युद्धाच्या बातम्या, घरातलं आजारपण, सुटलेली नोकरी असं ओझं घेऊन थेट नाताळच्या सकाळी आनंदी व्हायला गेलं की मन साथ देत नाही. मग आपलाच विश्वास कमी पडला असं वाटू लागतं. खरं तर विश्वास कमी पडलेला नसतो, वाट पाहण्याचे दिवस गाळलेले असतात.

आधी एक फरक मनात पक्का करा. ‘सगळं लवकरच ठीक होईल’ हा अंदाज झाला, आणि अंदाज चुकतात. ख्रिस्ती आशा परिस्थितीवर नाही, देवावर टेकलेली असते: तो या अंधारात उतरून आला आहे आणि हाती घेतलेलं काम तो पुरं करील. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायात (वचनं १८ ते २५) सारी सृष्टी कण्हते आहे असं प्रेषित पौल म्हणतो, आणि त्याच ओळींत आशेबद्दल बोलतो. म्हणजे कण्हणं आणि आशा एकाच वेळी असू शकतात.

या तयारीला रोज वीस मिनिटं पुरतात. वेळ शक्यतो ठरलेली ठेवा आणि त्याआधी अर्धा तास बातम्या पाहू नका, नाहीतर वाचताना डोक्यात त्याच घोळत राहतात. बातम्या बंद करायच्या नाहीत, फक्त दिवसातून एकदाच, ठरवून पाहायच्या.

पहिली पाच मिनिटं कागदावर त्या दिवसाचं एकच दुःख लिहा, नेमकं. ‘जगात शांती नाही’ असं लिहिलं तर प्रार्थना हवेत विरते. ‘बाबांच्या तपासणीचा अहवाल’, ‘शाळेवर बॉम्ब पडला, त्यातली मुलं’ असं लिहिलं की कुणासाठी आणि काय मागायचं हे कळतं.

मग विलाप, म्हणजे दुःख आणि तक्रार देवापुढे मांडणं. याला सर्वांत जास्त वेळ द्या, कारण बहुतेक जण नेमकं हेच टाळतात. स्तोत्र १३ घ्या, त्यात सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत तक्रार आहे. मूळ हिब्रूत ‘कोठवर?’ हा सवाल तिथे चार वेळा येतो. ३ आणि ४ मध्ये मागणं आहे, ५ आणि ६ मध्ये भरवसा. तुमचं कागदावरचं वाक्य या साच्यात घाला आणि मोठ्याने म्हणा. भरवशाचा भाग तोंडून निघत नसेल तर मागण्यापाशी थांबा. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. न वाटणारा आनंद ओढूनताणून बोलू नये. तशी प्रार्थना दोन दिवसांत सुटते.

उरलेली पाच मिनिटं वाचनाला. पहिल्या आठवड्यात यशया ८:२१ ते ९:७. सुरुवात ९:२ पासून करू नका. आधीच्या अध्यायातली भूक आणि काळोख वाचल्याशिवाय ‘मोठा प्रकाश’ किती मोठा, हे उमगत नाही. दुसऱ्या आठवड्यात विलापगीत ३:१ ते २६, तिसऱ्यात मरियेचं गीत, लूक १:४६ ते ५५. चौथ्यासाठी योहान १:१ ते १४ इतकंच ठेवा, कारण हा आठवडा क्वचितच पुरा भरतो. नाताळ सोमवारी आला तर तो एका दिवसाचाच उरतो. रोज तोच उतारा वाचायचा आहे. नवा शोधत बसलात की वाचन वाढतं, पण मुरत नाही.

घरात हिरव्या पाल्याचं, मेणबत्त्यांचं चक्र करत असाल तर चार रविवारांच्या चार मेणबत्त्या लागतात: बऱ्याच चर्चमध्ये तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी, शिवाय मधली पाचवी, पांढरी, नाताळची. दर रविवारी एक वाढवा. पहिली मेणबत्ती चारही आठवडे जळते, म्हणून रोज पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. वात अर्धा सेंटीमीटर राखा आणि पाला वाळला की बदला. वाळलेला पाला झटकन पेटतो. घरात कुणाला ऑक्सिजन लावलेला असेल तर विजेचे दिवेच वापरा.

आठवड्यातून एकदा कागदावरच्या एका नावासाठी काहीतरी करा: भेट, फोन, औषधाचे पैसे. घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर नाताळच्या जेवणाआधी त्या माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करा. नाव टाळल्याने दुःख टळत नाही, सगळे फक्त गप्प बसतात.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखा. दोन आठवड्यांहून जास्त झोप आणि भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. जगणं नको असं वाटत असेल तर त्याच दिवशी जा, आणि कुणाला तरी सोबत घ्या. हा विश्वासाचा अभाव नव्हे, आजार आहे.

२५ तारखेला लूक २:१ ते २० वाचा, पण तिथे थांबू नका. २८ डिसेंबरला, हेरोद राजाने मारलेल्या बाळकांच्या स्मरणदिनी, मत्तय २:१३ ते १८ घ्या. नाताळच्या कार्यक्रमांत हा भाग बहुधा वगळला जातो, आणि दुःखी माणसाला त्याचीच सर्वांत जास्त गरज असते: येशूचं कुटुंब रातोरात मिसरला पळतं, मागे आया रडत राहतात. मत्तयाने इथे यिर्मया ३१:१५ दिलं आहे, मुलांसाठी रडणारी राहेल. यिर्मया उघडून पुढची दोन वचनंही वाचा. सांत्वन नको म्हणणाऱ्या त्याच आईला देव तिथे सांगतो की तिच्या भविष्याला आशा आहे, तिची मुलं परत येतील. ६ जानेवारीपर्यंत, प्रकटीकरणाच्या सणापर्यंत, हीच तीन वचनं रोज वाचत राहा आणि कागदांवरची नावं एकेक करून या वचनांपुढे ठेवा.